तेरावा फर्मा

दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना देवघेवीच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी तो उचलून "ग्रंथालय" असं म्हणायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"खुनी पळाला."

"अण्णा? कुठून बोलताय?"

"वॉर्डातून. शेजारच्या खाटेवरच्यांचा मोबाइल आहे, तेव्हा थोडक्यात ऐक. एकशे ब्याण्णव पानावर इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. दाराला कडी लावली. म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. मी समोरच्या पानावर आलो. तर एक बाई मिठाच्या बरणीशी बोलत बसलीय."

"कुठली बाई?"

"मला काय विचारतेस? कविता आहे. चांगली सोळा पानं कविता आहेत. मग दोनशे नऊवर इन्स्पेक्टर हात झटकून गाडीत बसतो. पकडून झालं. कुणाला पकडलं ते गेलं सोळा पानांत."

बाई एरवी हसल्या असत्या. पण त्यांची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. एक्केचाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या. त्यात डोळ्यांचं व्हायचं ते झालं. डावा डोळा जाऊन सहा वर्षं झाली होती. उरलेल्या उजव्याचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, निम्मी आशा धरा. आज संध्याकाळी साडेसहाला डोळ्यात औषध घालणार. त्यानंतर अक्षरं विरघळल्यासारखी होतील, मग पट्टी, आणि पट्टी सुटल्यावर काय दिसेल ते तेव्हा. थोडक्यात, अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी काही वाचायचं असेल तर आज साडेसहापर्यंत.

आणि त्यांना खुनी वाचायचा होता.

"मी येऊन सांगते ना शोधून," बाई म्हणाल्या. "कुठे ना कुठे दुसरी प्रत..."

"सांगायचं नाही. वाचायचंय. तेराचा आकडा बघ."

"कुठला?"

"एकशे त्र्याण्णवच्या तळाशी बारीक तेरा छापलाय. तेरावा फर्मा. सोळा पानांचा एक फर्मा, बारा फर्म्यांची पानं एकशे ब्याण्णव. तुझ्या त्या बाइंडरनं दोन पुस्तकं एकदम उसवली आणि दोघांचे तेरावे फर्मे एकमेकांत शिवले. आकड्याला आकडा जुळला, पानाला पान जुळलं, त्याचं काम संपलं. माझा खुनी कुठल्यातरी कवितेच्या पुस्तकात दडून बसलाय, पोरी. हुडकून काढ."

"काढते."

"आणि एक. दोनशे आठवर एक कविता अर्धी तुटलीय. वाचू? हे गृहस्थ मोबाइल मागतायत, पण वाचतो." अण्णांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द भिंगाखालून उचलत वाचलं:

"घर सोडताना किल्ली
शेजारणीकडे ठेवली.
कधी येशील, तिनं विचारलं.
दिवा लावत जा, मी म्हटलं.

इतक्या वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी
उभी आहे, पाऊल उचलत नाही.
इथून दिसतं सगळं: पायरी, दार,
आणि खिडकीत"

"खिडकीत काय?"

"तेच तर. पान संपलं. पण बघ, आपल्या कादंबरीतही जादा किल्ली शेजारणीकडेच आहे. म्हणून मी चिठ्ठीवर तिचं नाव टाकून मोकळा झालो. शेजारीण. आता खरं-खोटं तू आणशील तेव्हा."

फोन बंद झाला.

चिठ्ठी हा बापलेकीचा जुना खेळ होता. खुनाची कादंबरी आधी अण्णांनी वाचायची, मग बाईंनी. शेवट यायच्या आत ज्यानं त्यानं खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या मागच्या कप्प्यात घालायचं. अण्णांचे चौतीस बरोबर आले होते, बाईंचे एकोणीस. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रंथालयात बाई म्हणजे गंभीर वाचनाचा पुतळा. ड्रॉवरमध्ये शब्दकोशाच्या जाडजूड पुठ्ठ्याआड कायम एक प्रेत असायचं, पण वाचकांना फक्त शब्दकोश दिसायचा.

आणि कविता? व्याख्यानमालेत हार घालताना बाई न चुकता म्हणायच्या, "कविता हा आपल्या ग्रंथालयाचा आत्मा आहे." तो आत्मा आठ नंबरच्या कपाटात होता आणि कपाट फक्त फडकं मारायला उघडायचं. शाळेत एका मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी उभं करून विचारलं होतं, कवीला काय म्हणायचंय सांग. बाईंना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं. वर्ग खो खो हसला. तेव्हापासून कवीला काय म्हणायचंय ते त्यांनी कवीवरच सोडलं होतं. चोवीस वर्षं त्या कवितेच्या पुस्तकांना पाठीवरच्या क्रमांकानं ओळखत होत्या, जसं कारकुनाला फायली माहीत असतात.

त्यांनी बाइंडरला फोन लावला. तो लागायलाच तासभर गेला.

"चाळीस वर्षांत माझ्या हातून पान हललेलं नाही, बाई," बाइंडर ऐकायच्या आधीच रागावला.

"मागच्या गठ्ठ्यात एका कादंबरीत कविता शिवलीत तुम्ही."

"आकडा बरोबर आहे ना?"

"आकडा बरोबर आहे. मजकूर..."

"मजकूर मी कधीच बघत नाही. मजकूर बघत बसलो तर दिवसाला दोन पुस्तकं होतील. दोन्ही एका मापाची होती, कागद सारखा पिवळा. बारानंतर तेरा घेतला. यात माझं काय चुकलं?"

"दुसरं पुस्तक कुठलं होतं?"

"ते वहीत तुमच्याच अक्षरात आहे, बाई. मी काळं कापड लावतो आणि विसरतो."

वहीत गठ्ठ्यातली अठरा पुस्तकं होती. त्यांत कवितेची पाच. बाईंचं डोकं आता ड्रॉवरमधल्या पुस्तकांसारखं चालायला लागलं. तेरावा फर्मा असायचा तर पुस्तक दोनशे आठ पानांच्या वर हवं. आणि कवितेचं पुस्तक इतकं जाड कुठे असतं? त्यांनी बोट खाली नेलं. चौसष्ट पानं. ऐंशी. बहात्तर. शहाण्णव. आणि पाचवं, एका दिवंगत कवयित्रीची समग्र कविता, दोनशे चौसष्ट. क्रमांक चार हजार एकशे अठरा.

"सापडलास," बाई पुटपुटल्या आणि आठ नंबरच्या कपाटाशी गेल्या.

चार हजार एकशे सतराच्या पुढे चार हजार एकशे एकोणीस होतं.

मग त्यांना आठवलं. कार्यकारिणीचा ठराव झाला होता: दहा वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक बाद. यादी झाली तेव्हा पुस्तक बाइंडरकडे होतं. ते नवं काळं कापड नेसून परत आलं आणि थेट बादच्या ढिगात गेलं. दोनशे बारा पुस्तकांवर शिक्का मारायचा होता. तो आज सकाळी त्यांनीच मारला होता, पुठ्ठ्याच्या पुढे एकही पान न उलटता. पोती खाली अंगणात होती. रद्दीवाला चारला येणार होता.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

अंगणात टेम्पो उभा होता आणि नऊपैकी सहा पोती चढली होती. हमाल सातव्याचं तोंड दाभणानं शिवत होता. शेजारी हातात कागद घेऊन सेक्रेटरी उभे होते. श्वास घ्यायचा तरी आधी बैठक बोलावतील अशी ख्याती, म्हणून सगळे त्यांना मागे 'ठरावसाहेब' म्हणायचे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक पुस्तक काढायचंय."

"बाद पुस्तक परत दाखल करायला ठराव लागतो, बाई. बैठक महिनाअखेरीला."

"दाखल नाही करायचं. मला हवंय. आजच."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग तर कठीणच. कर्मचाऱ्यानं बाद पुस्तक घरी न्यायचं नाही. नाहीतर उद्या म्हणतील, चांगलीच पुस्तकं बाद करून बाईंनी घर भरलं. नोकरीचा प्रश्न येतो यात."

"माहीत आहे. नियम मीच टाइप केला होता."

"मग?"

बाईंनी घड्याळ बघितलं. चार दहा. "साहेब, माझ्या वडिलांचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यांना एक पुस्तक पुरं करायचंय. त्याची सोळा पानं या पोत्यांत आहेत."

"अहो, मला वाईट वाटतंच. पण मी वाईट वाटून सही कशी करू?"

रद्दीवाला टेम्पोच्या फळीवर बसून हे ऐकत होता. तो पान थुंकून म्हणाला, "साहेब, पोती कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुमची. वजनाची पावती केलीय ना."

"मग बाई माझ्या पोत्यातनं काढतायत. तुमचा ठराव कशाला मध्ये?" तो बाईंकडे वळला. "फक्त पावतीला वजन जुळलं पाहिजे, ताई. गोदामात परत काटा होतो. जेवढं काढाल तेवढं घाला."

बाई आत गेल्या आणि दोन्ही हातांत मावेल एवढा गठ्ठा घेऊन आल्या. सेक्रेटरींनी वरचं कव्हर वाचलं.

"हे आपले वार्षिक अहवाल आहेत."

"हो."

"ते बाद केलेले नाहीत."

"ते कधी दाखलच झाले नव्हते, साहेब."

रद्दीवाला खोकल्यासारखं हसला. सेक्रेटरींनी हातातल्या कागदाची घडी घातली आणि पाठ फिरवून उभे राहिले. ही त्यांच्याकडून मिळू शकणारी सगळ्यांत मोठी परवानगी होती.

पण काळ्या कापडाची पाठ सगळ्यांचीच असते. पहिलं पोतं उसवलं, ओतलं, क्रमांक बघितले, भरलं. दुसरं. पांढऱ्या शाईचे आकडे झरझर डोळ्यांपुढून जात होते आणि प्रत्येकाच्या आत बाईंचाच जांभळा शिक्का होता. तिसऱ्याला हमाल कुरकुरला. चौथ्याला रद्दीवाला स्वतः खाली उतरला आणि उकिडवा बसून आकडे वाचायला लागला. "चार हजार एकशे किती म्हणालात? अठरा? हे तेरा. हे चव्वेचाळीस. तुमच्या वडिलांना दुसरं कुठलं चालत नाही का?"

पाचव्या पोत्याच्या तळाशी ते होतं. पाच वाजून बारा मिनिटं.

"एवढं जाड?" रद्दीवाल्यानं हातात तोलून बघितलं. "सहा अहवाल घाला."

पाच पंचविसाची बस बाईंना धावत मिळाली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते एकशे त्र्याण्णव पान उघडायचं. "दिवाणखान्यात कुणी हललं नाही," पहिलंच वाक्य होतं. बाईंनी पुस्तक फटकन मिटलं. खुनी मांडीवर होता. पण आधी अण्णा. नियम म्हणजे नियम. दोनशे नऊवर ती खिडकीही होती. तीही त्यांनी उघडली नाही, कारण त्या कवितेला अण्णांनीच आधी हात घातला होता.

बस सिग्नलला अडकली. पाच अडतीस. हात रिकामे राहिले की घड्याळ जास्त दिसतं. म्हणून, केवळ म्हणून, बाईंनी पुस्तक पुढून उघडलं.

"रोज संध्याकाळी
घडी घातलेले कपडे
मी पुन्हा उलगडून बघते:
कुणी आत राहून गेलं नाही ना."

बाईंनी वर बघितलं. समोरच्या सीटवरचा माणूस पेंगत होता. कुणी फळ्यापाशी उभं केलेलं नव्हतं. कवीला काय म्हणायचंय, कुणी विचारत नव्हतं. त्यांनी ते परत वाचलं.

चोवीस वर्षं बाई एक गोष्ट न चुकता करत आल्या होत्या. परत आलेलं प्रत्येक पुस्तक पाठीला धरून हलवायचं. त्यातून काय काय पडायचं: बसचं तिकीट, केसातला चाप, औषधाची चिठ्ठी, एकदा तर न टाकलेलं पत्र, पत्ता लिहिलेलं. बाई ते सगळं एका डब्यात ठेवायच्या. कशासाठी ठेवतेस, असं घरी विचारलं तर त्यांना कधी सांगता आलं नव्हतं. आणि इथे कुण्या बाईनं ते चार ओळींत सांगून ठेवलं होतं. ते त्यांच्या कपाटात होतं. दहा वर्षं कुणी नेलं नाही ते ठीक. त्यांनी तरी कुठे नेलं होतं? आज सकाळी शिक्का मारताना या एका दिवशी त्यांनी पुस्तकं हलवूनसुद्धा बघितली नव्हती.

त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. बस सुटली, थांबली, सुटली.

"शेवटचा स्टॉप येतोय," कंडक्टर म्हणाला. "बाई, तुम्हाला हॉस्पिटलला उतरायचं होतं ना? तिकीट तिथलं काढलंय."

हॉस्पिटल दोन स्टॉप मागे राहिलं होतं. सहा वाजत आले होते.

त्या पळाल्या. बावन्न वर्षांची बाई, छातीशी काळं पुस्तक, चपलेचा अंगठा तुटायला आलेला. सगळ्या रस्त्याला शिव्या देत पळाल्या, आणि सर्वांत मोठी शिवी स्वतःला होती. खुनाच्या शंभर कादंबऱ्या वाचून कधी स्टॉप चुकला नव्हता. लिफ्टपाशी रांग होती, म्हणून तीन जिने चढल्या. वॉर्डाच्या दारात वॉचमननं पास मागितला, पासवरचा शिक्का तिरका धरून वाचला, सरळ धरून वाचला, मग सोडलं.

सहा सोळा.

अण्णा नऊ नंबरच्या खाटेवर उशीला टेकून, भिंग हातात घेऊन तयार बसले होते. कादंबरी मांडीवर उघडी होती. आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, एक नंबरच्या खाटेपाशी, सिस्टरनं औषधाचा ट्रे ठेवला होता.

"आणलंस?"

"आणलं."

"उशीर केलास."

"स्टॉप चुकला."

"तुझा?" अण्णांनी उजवा डोळा बारीक करून लेकीकडे बघितलं. पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, एकशे त्र्याण्णव काढलं आणि भिंग धरलं. पहिल्या ओळीवरून ते तिसऱ्या ओळीपर्यंत आले तेव्हा सिस्टर दोन नंबरला पोचली होती.

अण्णा थांबले. "एका पानाला मला चार मिनिटं लागतात."

बाईंनी घड्याळ बघितलं.

"चौदा मिनिटं राहिली. साडेतीन पानं. खुनी कुठे असेल?"

"शेवटाकडे. दोनशे सहा-सातवर."

"म्हणजे पोचत नाही."

"थेट तिथूनच वाचा ना, अण्णा."

"मागचा पुरावा न बघता? मग चिठ्ठी कशाला टाकली?" अण्णांनी भिंग खाली ठेवलं. सिस्टर तीनवर होती. "सिस्टर," त्यांनी आवाज दिला, "नऊ नंबर शेवटी घ्या."

"सगळे हेच म्हणतात, आजोबा. नंबरानंच घेणार."

बाईंना वाटलं, ट्रेला लाथ मारावी. त्या बसभर वाचत बसल्या नसत्या तर पंधरा मिनिटं जास्त मिळाली असती. त्या ते बोलणार होत्या, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "खुनी तू वाचून दाखव. खून कुणी केला हे कानानं कळतं. ती खिडकी काढ."

"कुठली?"

"दोनशे नऊ. कविता ऐकून चालत नाही. आयुष्यभर जुळवल्यात मी, एकही वाचली नाही. अर्ध्या कष्टात पान भरायचं म्हणून आम्ही त्यांच्यावर खूश असायचो. ओळ कुठे तोडलीय आणि जागा कुठे सोडलीय, ते बघावं लागतं. काढ."

बाईंनी पान काढलं आणि तोंड फिरवलं. आधी अण्णा.

पाच ओळी असाव्यात, पण अण्णांचं भिंग एका ओळीवर थांबलं की हलेना. पाच नंबर. सहा. सिस्टरच्या चपलांचा आवाज, "वर बघा", "मिटा", परत चपला. बाई खाटेची कड धरून उभ्या होत्या. सात नंबरच्या म्हाताऱ्यानं डोळा मिटायला खळखळ केली, देव त्याचं भलं करो.

"अण्णा. आठला आली."

"थांब."

भिंग शेवटच्या ओळीवर गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. मग अण्णांनी पुस्तक लेकीकडे सरकवलं. बाईंनी वाचलं:

"दिवा नाही.

शेजारीण बसलीय अंधारात,
किल्ली मुठीत धरून,
तेल संपल्याचं मला
कसं सांगावं या विचारात."

"वर बघा, आजोबा," सिस्टर म्हणाली.

"एक मिनिट. माझी चिठ्ठी काढ," अण्णा म्हणाले. "शेजारणीचं नाव खोड."

"आता? नियमात नाही बसत."

"खोड म्हणतोय ना. ही नाही कुणाला मारायची. त्याऐवजी कंपाउंडरचं लिही, त्याच्यावरही माझा संशय होता."

बाईंनी कप्प्यातली चिठ्ठी काढली, खोडलं, लिहिलं. अण्णांनी वर बघितलं. थेंब पडले. सिस्टरनं मिटलेल्या डोळ्यावर कापूस ठेवला आणि ती दहा नंबरला गेली. अण्णांनी हात पोटावर घेतले. "हं. वाच आता. दिवाणखान्यात कुणी हललं नाही, तिथून."

भेटीची वेळ संपली होती. सिस्टरनं एकदा बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. बाई हळू आवाजात वाचत गेल्या. पुतण्या सुटला, नोकर सुटला. दोनशे सहाव्या पानाच्या मध्यावर इन्स्पेक्टर वळला आणि त्यानं बोट उचललं.

बाई थांबल्या.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. कंपाउंडर हा शब्द तोंडात घ्यायला काही लागत नव्हतं. अण्णांचे पस्तीस झाले असते आणि उद्या ऑपरेशनला माणूस खुशीत गेला असता.

"झोपलो नाहीये मी," अण्णा म्हणाले. "कोण?"

"शेजारीण," बाई म्हणाल्या.

अण्णा म्हणाले, "ती शेजारीण वेगळी."

"हो."

"चौतीसच राहिले माझे."

"चौतीसच."

बाई निघायला उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष अण्णांच्या उजव्या हाताकडे गेलं. चादरीवर बोटं चालली होती. वर जायची, काहीतरी चिमटीत उचलायची, डाव्या तळव्यात ठेवायची. परत वर, डावीकडे, खाली. खिळ्यांच्या पेटीतली जागा न् जागा हाताला पाठ होती. लहानपणी छापखान्याच्या स्टुलावर बसून बाईंनी हे इतकं बघितलं होतं की कुठलं अक्षर कुठल्या कप्प्यातून येतं ते त्यांनाही माहीत होतं. त्या उभ्या राहून वाचत राहिल्या. दिवा नाही. तिथे अण्णांचा हात थांबला, एक अख्खी ओळ रिकामी सोडली, आणि मग शेजारणीच्या 'शे'साठी वर गेला.